काठावर उभा केलेला तुकडा

पापुद्रे काकडी कापत होते. त्यांच्या घरात सकाळच्या डब्याची काकडी त्यांनीच कापायची असा अलिखित कायदा होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. एकेक चकती अशी उतरायची, की ती पेपरवर ठेवली तर खालची बातमी स्वल्पविरामासकट वाचता यावी.

"अहो, पोटात जायचीय ती, भिंगाखाली नाही," बायको डबा पुसत म्हणाली. "एका काकडीला वीस मिनिटं. खाताना कळतसुद्धा नाही, काही खाल्लं की नुसतं तोंड ओलं केलं."

"चव तर लागते?"

"तुमच्या सुरीला लागत असेल. माझ्या जिभेपर्यंत पोचत नाही."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. एकदा, आणि मग जरा थांबून पुन्हा एकदा.

दोघांनीही दाराकडे पाहिलं. या वेळी येणारा माणूस एकच, खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, आणि ते कधी दार वाजवत नसत. गेली सव्वीस वर्षं ते जिना चढताना शीळ घालत यायचे. पहिल्या वळणावर सूर धरायचा, दुसऱ्या वळणावर तो वर न्यायचा, आणि दारापाशी येईपर्यंत आतून कुणीतरी कडी काढलेली असायची. अख्ख्या इमारतीला त्यांच्या शिळेवरून सात वाजल्याचं कळे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं घड्याळ कुणी बघत नसे, त्याचं तोंड ऐकत.

आज जिना मुका होता.

पापुद्र्यांनी दार उघडलं. घड्याळजींनी मानेनंच त्यांना बाहेर बोलावलं आणि दार मागे ओढून घेतलं.

"तुझ्याकडे येणारे आज माझा तुकडा," ते म्हणाले. शब्द जरा जाड येत होते, गरम घास तोंडात फिरवत बोलल्यासारखे.

"कसला तुकडा?"

"जिभेचा. कडेला चट्टा होता चार महिने. दात जिभेला घासतोय म्हणून तो दात कानसून घेतला, चट्टा तिथेच. काल त्यांनी चिमटीएवढं मांस काढलं. तुमच्याच हॉस्पिटलात." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "हे बघ, नंबरसुद्धा दिलाय."

"दाखवू नकोस," पापुद्रे म्हणाले. पण डोळ्यांना कुठं दार असतं? चारशे सतरा. वाचून झालंच.

"वहिनींना सांगितलंस?"

"दात दुखतोय म्हणून सांगितलंय. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत दूधवाल्यालाही कळलं असतं." घड्याळजी हसायला गेले आणि गाल धरून थांबले. "जिभेला हाड नसतं म्हणतात ना? मग डॉक्टर त्यात काय शोधतायत, किती खोल गेलंय म्हणून? वरवर असेल तर कडेची एक फोड काढतील, म्हणाले. आत उतरलं असेल तर अर्धी जीभ, आणि मान उघडून गाठीही."

पापुद्र्यांनी चिठ्ठी घडी करून त्यांच्या खिशात परत ठेवली.

"अर्ध्या जिभेनं घड्याळं दुरुस्त होतील रे. त्याला काय, डोळा आणि चिमटा लागतो." ते जिन्याच्या कठड्यावरून खाली बघत होते. "पण शीळ नाही यायची. कालपासून घालून बघतोय. नुसती हवा सुटते." मग एकदम त्यांनी पापुद्र्यांच्या मनगटाला हात लावला. "तू कापणार आहेस म्हणून मला झोप लागली. नीट काप हं."

आणि ते जिना उतरून गेले. पावलं तेवढी ऐकू आली.

पापुद्रे हे काही त्यांचं आडनाव नाही. आडनाव पगाराच्या कागदावर आहे, पण ते तिथल्या कारकुनालाही चटकन आठवत नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिथे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात, त्या खोलीत ते एकतीस वर्षं पापुद्रे काढत आले. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा यंत्राला लावायचा, हातानं चाक फिरवायचं, आणि पात्यावरून एकामागून एक पापुद्रे उतरवायचे, केसाची जाडी वीस जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला येईल तेवढे. ते एकमेकांना चिकटून त्यांची फीत होते. ती फीत ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडायची. पाण्यावर ती सुरकुती सोडून पसरते, मग खालून काच घालून तिला अलगद झेलायचं.

हे कसब त्यांना वडलांकडून आलं. वडील सुतार. रंधा मारताना लाकडाची सालपटं अशी निघायची, की लहानपणी पापुद्रे ती डोळ्यांवर धरून सूर्याकडे बघत. सगळं जग तांबूस व्हायचं. पुढे हॉस्पिटलात लागले, तर इथेही तेच. रंगवलेली काच खिडकीशी धरली की कुठे गुलाबी किनारा दिसे, कुठे जांभळी बेटं, कुठे पाण्यात विरघळणारी वाट. कुठल्या देशाचा नकाशा हा? ते स्वतःशीच म्हणत. त्यांना वाटे, प्रत्येक माणूस आपल्या आत असा एक देश घेऊन हिंडतो आणि त्याला त्याची खबरही नसते.

पण तो देश ते वाचत नसत. रंग नीट चढलाय की नाही, एवढंच भिंगातून बघायचं आणि काच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवायची. त्यांचा एक नियम होता. कागदावरचं नाव बघायचं नाही, नुसता नंबर. आणि कुणाचं काय निघालं हे विचारायचं नाही. बायकोनं लग्नानंतर एकदाच विचारलं होतं, "आज काय सापडलं हो?" तेव्हा ते म्हणाले होते, "माझं काम पान उलटून देण्याचं. वाचणारे वेगळे." नाव कळलं की हात जड होतो, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षांत हात कधी जड झाला नाही.

त्या दिवशी तळमजल्यावर तेहतीस डब्या होत्या. काडेपेटीहून लहान, प्लॅस्टिकच्या, जाळीदार. रात्रभर यंत्रानं तुकड्यांतलं पाणी काढून मेण भरलेलं होतं. आता एकेक तुकडा चिमट्यानं उचलून साच्यात ठेवायचा आणि वर वितळलेलं मेण ओतायचं.

ऐकायला सोपं आहे. पण सगळी गोम इथेच. तोंडातला, जिभेचा, कातडीचा तुकडा साच्यात काठावर उभा करायचा असतो, म्हणजे कापताना त्याची वरची बाजूही मिळते आणि तळही. पावाची वडी कापावी तसं. एका कडेला कवच, मग मऊ भाग, आणि दुसऱ्या टोकाला तळ. तळाच्या बाजूला डॉक्टरीणबाई काळ्या शाईचा ठिपका देऊन ठेवतात. नवीन आलेल्या प्रत्येकाला पापुद्रे पहिल्या दिवशी हेच शिकवत, "आडवा झोपवलात तर मेला. नुसतं कवच कवच कापत बसाल, खाली काय आहे ते कधी कळायचं नाही."

चारशे सतराची डबी उघडली. आत मसुराएवढा तुकडा. त्याच्याकडे बघता बघता पापुद्र्यांना जिना दिसला, पहिलं वळण, दुसरं वळण. हा एवढासा होय, जो रोज सकाळी आमची कडी काढायचा? चिमटा जरा थांबला. मेण साच्यात चमकत होतं. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात वाफ वळवळत वर जात होती, आणि त्या वाफेत कुणीतरी फार लांबून सूर लावतंय असं त्यांना वाटत राहिलं. भानावर आले तेव्हा मेण थिजायला लागलं होतं, पुढची डबी हातात होती.

दुपारी काच तयार झाली. ती त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पोचवली आणि नियमाप्रमाणे मागे वळले. पण पाय दाराशी रेंगाळले.

डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. भिंगाला डोळे लावूनच त्या बोलत. "चारशे सतरा," त्या पुटपुटल्या. "बेटं सुटी झालीयत खाली. बरीच. काका, हे आत उतरलेलं दिसतंय, चांगलंच."

पापुद्रे दारातून दोन पावलं आत आले.

"तरी मार्कर लावून बघू या. तिन्ही लावा. उद्या सकाळी कापा, परवा बघते. कागद मी तयार ठेवते."

हे मार्कर म्हणजे काय, ते पापुद्र्यांना डॉक्टरांच्या भाषेत सांगता आलं नसतं, पण बायकोला त्यांनी एकदा सांगितलं होतं ते असं. तोंडाच्या अस्तरातल्या पेशी हातात हात घालून उभ्या असतात. त्यांच्या पायाखाली एक नाजूक कुंपण असतं. रोग झाला तरी जोवर त्या कुंपणाच्या अलीकडे आहेत तोवर घरातलं भांडण घरात. पण काही पेशी हात सोडतात, कुंपण विरघळवतात आणि एकेकट्या चालू लागतात. चालत चालत मानेतल्या गाठींपर्यंत. अशा पेशींच्या अंगावर खुणा असतात. काही खुणा पुसल्या जातात, हात धरण्याच्या. काही नव्या उगवतात, फक्त वाटसरूंच्या अंगावर. नुसत्या भिंगातून त्या दिसत नाहीत. म्हणून त्या खुणेलाच चिकटेल असा थेंब टाकायचा आणि तिथे तपकिरी रंग उठवायचा. एक थेंब हात धरणाऱ्यांसाठी, एक कुंपणासाठी, एक वाटसरूंसाठी.

"म्हणजे पोलिसांचं काम की," बायको म्हणाली होती.

"छे, पोलिस कुठले. हजेरी घेणाऱ्या मास्तरांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना मुकाच होता. तळमजल्यावर पोचल्यावर पापुद्र्यांनी ठोकळे बर्फावर गार करत ठेवले आणि खिडकीजवळच्या स्टुलावर टेकले. ठोकळे गार व्हायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात ते गुलाबी पाण्यातून चालत होते. पाणी घोट्यापर्यंत, कोमट. सगळीकडे जांभळी बेटं. काल खिडकीशी धरून पाहिली होती तीच. ते एका बेटापाशी गेले, तर भोवती कुंपण, अखंड, कुठे फट नाही. दुसऱ्या बेटाला तेच. तिसऱ्याला तेच. प्रत्येक बेटावर लोक हात धरून गोल उभे, आणि मधोमध कुठेतरी शीळ. वडील तिथे रंधा मारत बसलेले. वर न बघता ते म्हणाले, "फळी आडवी टाकून तिची उंची मोजायला बसलायस होय रे?"

पापुद्रे खडबडून जागे झाले. बर्फ वितळून पाणी टेबलावर आलं होतं.

त्यांनी चारशे सतराचा ठोकळा उचलला, अंगठ्यानं पुसला आणि उजेडात धरला. एका कडेला कवच असलेली पट्टी दिसायला हवी होती. दिसत होता गोल. नाण्यासारखा, सगळीकडे सारखा. शाईचा ठिपका कुठेच नाही, म्हणजे तो खाली, मेणाच्या तळाशी दडलेला.

आडवा झोपवला होता. त्यांनी. स्वतःच्या हातानं. काल कापतानाही डोळे पात्यावर होते, पण मन जिन्यात.

मग बेटांचंही कोडं सुटलं. अस्तराच्या मुळ्या खाली झुकलेल्या असतात, भिंतीवरून लोंबणाऱ्या वेलीसारख्या. आडवं कापलं की त्या मुळ्यांचे नुसते गोल गोल काप दिसतात, आणि वाटतं, सुटून खाली गेल्या. गेल्या नसतीलही. गेल्याही असतील. त्या काचेवरून कुणालाच सांगता आलं नसतं, आणि तिच्याच जोरावर एका माणसाची अर्धी जीभ जायची होती.

पापुद्रे ठोकळा तळहातावर घेऊन उभे राहिले. गप्प बसून ठोकळा परत वितळवता आला असता. कुणाला कळलं नसतं. पण आदल्या दिवशीची काच बाईंच्या डोळ्यांसमोरून गेली होती, आणि कागद तयार होता.

ते बाईंच्या खोलीत गेले. दार वाजवलं, तेही एकदा, आणि मग थांबून पुन्हा एकदा.

"बाई, चारशे सतरावर सही झाली का?"

"आता करतच होते. मार्कर नंतर जोडू म्हटलं, सर्जनना घाई आहे. का हो?"

"करू नका. तो तुकडा मी आडवा घातलाय."

बाईंनी पहिल्यांदाच भिंगावरून डोळे उचलले. "तुम्ही? काका, तुम्ही मला शिकवलंय तुकडा उभा कसा करायचा!"

"हो. शिकवण्यात चूक नव्हती."

बाई हसल्या नाहीत. "काय झालं?"

"मला नाव ठाऊक होतं," पापुद्रे म्हणाले. "खालच्या मजल्यावरचा आहे. माझ्या दारात सव्वीस वर्षं शीळ घालतोय."

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला. ते घड्याळही घड्याळजींनीच दोनदा दुरुस्त केलेलं. बाईंनी समोरचा कागद उचलला, त्याचे दोन तुकडे केले, आणि सर्जनना फोन लावून आणखी दोन दिवस मागून घेतले. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "तुकडा पुरेल ना?"

"वरचं थोडं गेलंय. तळ शाबूत आहे."

त्यांनी ठोकळा वितळवला. मेण बाजूला झालं आणि तो मसुराएवढा जीव पुन्हा मोकळा झाला. तळाशी काळा ठिपका जागच्या जागी होता. पापुद्र्यांनी चिमट्यानं तो काठावर उभा केला, थिजेपर्यंत तसाच धरून ठेवला. या वेळी त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही, वाफेकडे पाहिलं नाही. हात जड होता, पण हलला नाही.

संध्याकाळी जिन्यात घड्याळजी भेटले. दुकान बंद करून येत होते, बोटांना तेलाचा वास.

"काय झालं रे माझ्या तुकड्याचं?"

"मला विचारू नकोस. मला जे कळतं ते सांगायचं नसतं, आणि जे सांगायचं ते मला कळत नाही."

"वा! मंत्री व्हायला हवं होतंस."

"एक मात्र सांगतो," पापुद्रे म्हणाले. "काल मी तुझा तुकडा चुकीचा कापला. आज दुरुस्त केला. म्हणून दोन दिवस उशीर."

घड्याळजींनी तेलाची बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "मीही एकदा तुझ्या लग्नातल्या घड्याळाचं चाक उलटं बसवलं होतं. महिनाभर मागे पडत होतं. तू समजलास बॅटरी गेली."

"ते तू होतास?"

"मग! आज फिटलं." ते हसले, गाल धरून. पण दारापाशी जाऊन परत वळले. "हिला सांगतो आज. दात दुखतोय म्हणून किती दिवस सांगणार? काल तिनं लवंग आणून दिली. भयंकर झोंबली."

दोन दिवसांनी तिन्ही काचा रंगून तयार झाल्या. पापुद्र्यांनी त्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि या वेळी ते वळले नाहीत. बाईंनी एकेक काच सरकवली. फार वेळ. मग स्वतःची खुर्ची मागे घेतली.

"बसा काका. वाचा आज."

पापुद्रे बसले. भिंगाला डोळे लावले आणि पहिल्यांदा रंगाऐवजी त्यांनी मजकूर पाहिला. वरून खाली उतरलेला किनारा. पेशी खांद्याला खांदा लावून, प्रत्येकीच्या कडेनं तपकिरी रेघ, म्हणजे हात धरलेले. दुसऱ्या काचेवर त्यांच्या पायाखाली कुंपण, कुणी ओल्या मातीत बोटानं ओढावं तसं. लांबच लांब. आणि मग एका जागी कुंपण नव्हतं. बोटभर नाही, नखभर नाही, त्याच्याही कितीतरी लहान फट. तिसऱ्या काचेवर त्याच फटीपाशी पाच-सहा पेशी गर्द तपकिरी झालेल्या, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेल्या.

"बाहेर पडल्यात," ते हळूच म्हणाले.

"पडल्यात. पण अंगणातच आहेत. तुमच्या हातून गेलेला वरचा भाग धरला तरी दोन मिलीमीटरच्या आत. बाकीच्यांनी हात सोडलेले नाहीत." बाई नवीन कागद ओढून लिहू लागल्या. "सगळा चट्टा निघाल्यावर पुन्हा बघायचं, तेच खरं. पण एवढ्यावर अर्धी जीभ नाही काढायचे. कडेची फोड काढतील, मानेवर लक्ष ठेवतील. शिळेचं मात्र मला सांगता येत नाही, काका. पुस्तकात शीळ नसते."

पापुद्र्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"गुरुवारी ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. "काढलेल्या फोडीच्या कडा साफ निघाल्या का ते तिथल्या तिथे गोठवून कापून बघायचंय. पेशंट टेबलावर असतानाच. सर्जननी निरोप पाठवलाय, कापायला काकाच हवेत. तुमच्याइतका जलद हात दुसरा नाही."

ही शाबासकी होती. एरवी पापुद्र्यांनी ती खिशात घालून घरी नेली असती, बायकोसमोर दोनदा काढून दाखवली असती. आज ते खुर्चीतून उठले, ती बाईंच्या बाजूला सरकवली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी आजारपणाखेरीज रजा घेतलेली नव्हती. रजेचा कागद कुठे मिळतो, तेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं.

"बाई, एक विचारायचं होतं."

"बोला ना."

"गुरुवारी कापायला दुसऱ्या कुणाला बसवा. मला सुट्टी द्या. मला वहिनींबरोबर बाहेरच्या बाकावर बसायचंय."